परवाना कामगाराचा, दोरी मालकाच्या हाती

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर स्वाक्षरी केली. एच-१बी वर्गातील परकीय कर्मचाऱ्यासाठी नव्याने अर्ज करणाऱ्या कंपनीने एक लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, भरावेत असा तो आदेश होता. अंमलबजावणी २१ सप्टेंबरपासून व्हायची होती. मधल्या दीड दिवसात जे घडले ते घटस्थापनेच्या तयारीत असलेल्या अनेक मराठी घरांनी अनुभवले. बड्या अमेरिकी कंपन्यांनी परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्यांना मुदतीच्या आत परत फिरण्याचे निरोप धाडले. मायदेशी सुट्टीवर आलेल्यांनी मिळेल त्या भावाने तिकिटे काढली. तिकडे विमानात बसलेल्या काहींनी उड्डाणापूर्वीच खाली उतरणे पसंत केले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांसाठी आहे, जुन्या परवानाधारकांना तिची झळ नाही. ऑक्टोबरमध्ये आणखी स्पष्टीकरण झाले की अमेरिकेतच शिकून तेथेच नोकरीचा वर्ग बदलून घेणाऱ्यांनाही ती लागू नाही.

आदेश बारा महिन्यांचा होता. त्यावर न्यायालयात दावे दाखल झाले, चर्चा झडल्या आणि पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर येथील दिवाणखान्यांतील घबराट काही दिवसांत ओसरली. परंतु या प्रसंगाने जो मूळ प्रश्न उघडा पाडला त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. दहा-दहा वर्षे नोकरी केलेला, कर भरलेला, तेथे घर घेतलेला सुशिक्षित माणूस एका रात्रीत इतका असहाय का होतो? या प्रश्नाचे उत्तर शुल्काच्या आकड्यात सापडत नाही. ते परवान्याच्या रचनेत आहे.

अमेरिकेचे दार कधी आणि किती उघडते याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भूभागातील लोकांना तेथे प्रवेशबंदी करण्यात आली. १९४६ साली ती उठली तेव्हा हिंदी लोकांच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या शंभर जागा आल्या. १९६५ च्या कायद्याने वंशमूळ पाहून जागा वाटण्याची पद्धत संपवली आणि त्यानंतर भारतीय डॉक्टर आणि अभियंते तेथे जाऊ लागले. १९९० मध्ये थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत आजच्या एच-१बी परवान्याला आकार मिळाला व वर्षाला ६५ हजारांची मर्यादा ठरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक उद्योगाला माणसे कमी पडू लागली तेव्हा हीच मर्यादा १ लाख १५ हजार आणि पुढे २००१ ते २००३ या काळात १ लाख ९५ हजारांवर नेण्यात आली. तेजी ओसरताच ती पुन्हा ६५ हजारांवर आली. अमेरिकी विद्यापीठांतून पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजारांची जी भर पडली, ती २००४ अखेरच्या कायद्याची.

भरती-ओहोटीच्या या क्रमात भारतीयांची बुद्धिमत्ता कमी-जास्त झाली नव्हती. बदलत होती ती अमेरिकेची गरज. कामाचा परवाना हा कोणत्याही देशात गरजेचा कागद असतो. त्याला आतिथ्याचे निमंत्रण समजण्याची चूक आपल्याकडील अनेक कुटुंबे करीत आली आहेत.

हा कागद तयार होतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. एच-१बीसाठी कर्मचारी स्वतः अर्ज करू शकत नाही. अर्ज कंपनीचा असतो. कंपनीने प्रथम अमेरिकेच्या श्रम खात्याकडे लेखी हमी द्यावी लागते की, त्या भागात त्या कामासाठी जे वेतन प्रचलित आहे त्याहून, किंवा आपल्याच अन्य कर्मचाऱ्यांना आपण देतो त्या वेतनाहून, कमी वेतन या परकीयाला दिले जाणार नाही. त्यानंतर नोंदणी आणि जागांपेक्षा नोंदण्या अधिक झाल्या तर सोडत. २०२३ सालच्या सोडतीसाठी साडेसात लाखांहून अधिक पात्र नोंदण्या आल्या. एकाच उमेदवाराच्या नावे अनेक कंपन्यांनी चिठ्ठ्या टाकण्याचा हा परिणाम असल्याचे उघड झाल्यावर पुढील वर्षापासून प्रत्येक उमेदवाराची एकच चिठ्ठी धरण्याचा नियम झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तर अधिक वेतनाच्या पदाला सोडतीत अधिक संधी देणारा नवा नियम जाहीर झाला. याचा अर्थ नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणाची वाट आणखी अरुंद झाली.

सोडतीत नाव निघाले तर परवाना तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. तो त्या एका कंपनीतील त्या एका कामाशी बांधलेला. २००० सालच्या कायद्याने एवढी सवलत दिली की, दुसऱ्या कंपनीने अर्ज दाखल करताच तेथे रुजू होता येते. परंतु दुसरी कंपनी हवीच. नोकरी सुटली तर २०१७ पासून साठ दिवसांची सवलत मिळते. या साठ दिवसांत नवी कंपनी शोधायची, दुसरा वर्ग मिळवायचा किंवा मुलांची शाळा, घराचे कर्ज, गाडी, सारे आवरून देश सोडायचा. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील संगणक क्षेत्रात मोठी नोकरकपात झाली तेव्हा हजारो भारतीय कुटुंबांनी हे दिवस बोटांवर मोजले. ज्या कर्मचाऱ्याला नोकरी गेल्यावर देशही सोडावा लागतो, तो वेतनवाढ मागताना, जादा कामाला नकार देताना किंवा अन्यायाची तक्रार करताना दहादा विचार करणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. परवान्यावर नाव कामगाराचे असले तरी त्याची दोरी मालकाच्या हाती असते ती अशी.

मग कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, हा यावरचा उपाय नव्हे काय? तत्त्वतः आहे. व्यवहारात मात्र भारतीयांसाठी तो मार्ग जवळजवळ बुजलेला आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि त्या संख्येत कर्मचाऱ्याची पत्नी व मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा सामान्यतः जाऊ नयेत, असे बंधन आहे. आइसलँडला जी टक्केवारी, तीच भारताला. एकीकडे मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे आणि दुसरीकडे कायम वास्तव्याच्या दारात ही चिंचोळी फट. परिणामी २०२५ साल संपत असताना पदव्युत्तर पात्रतेच्या रांगेत २०१३ मध्ये नाव नोंदवलेल्या भारतीयांचा क्रमांक लागत होता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांची रांग याहून कितीतरी लांब आहे.

या रांगेतही पहिले पाऊल कंपनीनेच टाकायचे असते. जाहिरात देऊन योग्य अमेरिकी उमेदवार मिळाला नाही, हे श्रम खात्याला पटवून द्यायचे आणि मगच पुढचा अर्ज. तो मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही परवाना तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. म्हणजे ज्याला आपण ‘अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा’ म्हणतो, तो कायद्याच्या दृष्टीने पंधरा वर्षांनंतरही तात्पुरताच असू शकतो. त्याच्यासोबत लहानपणी गेलेले मूल एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या परवान्यातून वेगळे पडते. ज्या देशात ते वाढले, ज्या भाषेत शिकले, तेथेच राहण्यासाठी त्याला विद्यार्थी म्हणून नव्याने अर्ज करावा लागतो.

पत्नीची स्थिती याहूनही नाजूक. उच्चशिक्षित असूनही अनेक भारतीय स्त्रिया पतीच्या परवान्यावर, नोकरी करण्याच्या हक्काविना, वर्षानुवर्षे घरी बसल्या. मे २०१५ पासून त्यांच्यापैकी ज्यांच्या पतीचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला आहे त्यांना काम करण्याची मुभा मिळाली. परंतु तिचे राहणे पतीच्या परवान्यावर आणि पतीचे राहणे कंपनीच्या अर्जावर, ही साखळी कायम राहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सास राज्यातील ओलेथ येथे हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याची वंशद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. पतीच्या मृत्यूबरोबर त्याच्या पत्नीचा अमेरिकेत राहण्याचा अधिकारही संपला. अंत्यसंस्कारांसाठी मायदेशी आलेल्या त्या स्त्रीला परत जाण्यासाठी तेथील एका लोकप्रतिनिधीला धावपळ करावी लागली. कायदा क्रूर होता असे नव्हे. या परिस्थितीचा त्याने विचारच केलेला नव्हता.

एवढ्यावरून सारा दोष अमेरिकेच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या नागरिकांच्या रोजगाराला प्राधान्य देण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्यांनी तो इतरांनाही मान्य केला पाहिजे. भारतही याला अपवाद नाही. येथे नोकरी करू इच्छिणाऱ्या परकीयाला सामान्यतः वार्षिक १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक वेतन असल्याशिवाय रोजगार व्हिसा मिळत नाही. तो व्हिसाही विशिष्ट कंपनीशीच बांधलेला असतो.

अमेरिकी कामगाराची तक्रारही निराधार नाही. फ्लोरिडातील डिस्ने कंपनीच्या सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना २०१४ च्या अखेरीस नोकरी जाणार असल्याचे कळवण्यात आले आणि जाण्यापूर्वी त्यांच्यातील अनेकांना आपल्या जागी येणाऱ्या परकीयांना काम शिकवावे लागले. अशा घटनांनी तेथील जनमत कडवट झाले. कामगार पुरवणाऱ्या काही लहान कंपन्यांनी तर प्रत्यक्षात नसलेल्या कामासाठी माणसे आणायची, काम मिळेपर्यंत त्यांना बिनपगारी बसवून ठेवायचे, असा उद्योग मांडला. त्यांतील काहींचे चालक भारतीय वंशाचे होते, हे लाजिरवाणे असले तरी सत्य आहे. परक्याने केलेले शोषण दिसते आणि आपल्याच माणसाने केलेले शोषण ‘मुलाला मार्गी लावले’ म्हणून उपकारात जमा होते. ही मनोवृत्ती टाकली पाहिजे.

खरे तर या शोषणाविरुद्ध अमेरिकी कायद्यात तरतुदी आहेत. पण किती कर्मचाऱ्यांना त्या ठाऊक असतात? अर्जाचे अनिवार्य शुल्क कंपनीनेच भरायचे असते, ते कर्मचाऱ्याच्या पगारातून कापता येत नाही. काम नाही या सबबीवर वेतन थांबवता येत नाही. मुदतीपूर्वी नोकरी सोडली म्हणून दंड आकारता येत नाही, प्रत्यक्ष नुकसानभरपाईची गोष्ट वेगळी. कंपनीने मुदतीआधी कामावरून काढले तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनेच द्यायचा असतो. श्रम खात्याकडे दिलेल्या हमीपत्राची प्रत मिळणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्यावर लिहिलेले वेतन आणि हातात पडणारे वेतन यांत तफावत असेल तर तक्रारीचा मार्गही खुला आहे. मुलाला निरोप देताना लोणच्याची बरणी आठवणीने देणाऱ्या घरांनी ही चार कलमेही सोबत बांधून दिली तर ती अधिक काळ टिकतील.

एच-१बी हा एकमेव मार्ग नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. भारतातील कंपनीत गेल्या तीन वर्षांपैकी किमान एक वर्ष काम केलेल्या व्यवस्थापकाला किंवा विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला त्याच कंपनीच्या अमेरिकी शाखेत एल-१ परवान्यावर जाता येते. त्याला संख्येची मर्यादा नाही आणि पती किंवा पत्नीला कामाची मुभाही आहे. मात्र तेथे कंपनी बदलण्याची सोय नसल्याने बांधिलकी अधिक घट्ट. असाधारण गुणवत्ता सिद्ध करणाऱ्या संशोधक, कलावंतांसाठी ओ-१ आहे. तेथे शिकणाऱ्याला पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत आणखी दोन वर्षे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेता येतो. ही तीन वर्षे कायमचा हक्क देत नाहीत, याचा विसर शैक्षणिक कर्ज काढताना पडू नये. किमान आठ लाख डॉलर गुंतवून ग्रीन कार्ड मिळवण्याचा मार्ग मूठभरांचा. तो मध्यमवर्गाच्या चर्चेत येण्याचे कारणच नाही.

अमेरिकेपलीकडेही जग आहे. जर्मनीने कुशल कामगारांविषयीचे कायदे २०२३ मध्ये सैल केले आणि जून २०२४ पासून ‘संधी पत्र’ ही योजना आणली. पात्र उमेदवाराला नोकरी हाती नसतानाही तेथे जाऊन एक वर्षापर्यंत ती शोधता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीचे तत्कालीन चान्सलर ओलाफ शोल्झ भारतात आले तेव्हा भारतीय कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झालेली होती. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. येथे परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांनाही वाव आहे. अडसर आहे तो जर्मन भाषेचा. हा अडसर कुलगुरूंपासून तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपर्यंत सर्वांनी मनावर घेतला तर दूर होण्यासारखा आहे. उतावळेपणाने, भाषा न शिकता, केवळ दलालाच्या भरवशावर माणसे पाठवली गेली तर मात्र अमेरिकेतील चुकांचीच तेथे पुनरावृत्ती होईल.

शासनाचे कर्तव्य येथूनच सुरू होते. परदेशातून २०२३-२४ मध्ये भारतात आलेल्या ११८.७ अब्ज डॉलरपैकी सर्वाधिक, २७.७ टक्के रक्कम अमेरिकेतून आली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक वाटा महाराष्ट्राला मिळाला, असे रिझर्व्ह बँकेचे सर्वेक्षण सांगते. एवढी संपत्ती पाठवणाऱ्यांच्या हितासाठी राष्ट्राने आपले वजन खर्च करणे न्याय्यच आहे. २०१६ मध्ये भारताने अमेरिकेच्या वाढीव व्हिसा शुल्काविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली होती. परंतु याहून मूलभूत अन्याय सामाजिक सुरक्षा कराचा आहे. भारतीय कर्मचाऱ्याच्या वेतनातून या कारणासाठी ६.२ टक्के रक्कम कापली जाते आणि तेवढीच कंपनी भरते. निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र साधारण दहा वर्षे अंशदान केल्यावर मिळतो आणि एच-१बीची सामान्य मुदत सहा वर्षांची आहे. म्हणजे जो प्रामाणिकपणे मुदत संपताच परततो, त्याचे पैसे तेथेच राहतात. जर्मनी, जपान आदी देशांशी भारताचे याबाबत करार आहेत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारासोबत तीन वर्षांपर्यंत दुहेरी अंशदानातून सूट देण्याचेही ठरले. अमेरिकेशी असा करार व्हावा ही मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. परवान्यांची संख्या वाढवा म्हणून विनवण्या करण्यापेक्षा, गेलेल्या माणसाचे हक्क सुरक्षित करा ही मागणी अधिक स्वाभिमानाची आणि नैतिकदृष्ट्या अधिक भक्कम आहे. साठ दिवसांची मुदत वाढवणे आणि एकविशीतील मुलांना संरक्षण देणे हेही वाटाघाटींचे विषय व्हायला हवेत. त्याने कोणत्याही अमेरिकी नागरिकाची नोकरी जात नाही.

आणि शेवटी प्रश्न उरतो तो समाजाचा. परदेशी जाणे हा गुन्हा नाही आणि ती परमपदाची प्राप्तीही नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या वैद्यकविद्या शिकण्यासाठी आणि ती विद्या घेऊन मायदेशी परतण्यासाठी. हेतू स्पष्ट असला की परक्या भूमीवरील वास्तव्याची लांबी-रुंदी आपली आपण ठरवता येते. हेतू नसला की ती कंपनीचे कार्यालय ठरवते. आज भारतात परदेशी कंपन्यांची १,७०० हून अधिक तंत्रकेंद्रे उभी आहेत आणि पुणे हे त्यांतील एक महत्त्वाचे शहर आहे. परतणाऱ्याला ‘तिकडे जमले नाही वाटते’ असे कुत्सितपणे विचारणारा शेजार आणि लग्नाच्या बाजारात परवान्याचा वर्ग पाहून स्थळाचे मोल ठरवणारी मंडळी, या दोघांनी मिळून कित्येक तरुणांचे परतीचे दोर कापले आहेत. कंपनीच्या हातातील दोरी सोडवणे हे कायद्याचे काम आहे. त्याला वेळ लागेल. घराच्या दाराशी बांधलेली दोरी मात्र आजच सोडता येईल. मुलगा किंवा मुलगी परवान्याच्या भयाने तेथे अडकून न पडता, हवे तेव्हा ताठ मानेने परत येऊ शकते एवढा विश्वास कुटुंबाने दिला, तर कोणत्याही देशाच्या कोणत्याही आदेशाने एका रात्रीत कोणाची झोप उडणार नाही.